इंग्रजांसारखे निघावे कसे : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

शिकायला, नोकरीला किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडला निघालेल्या मराठी माणसाला गो, कम, लीव्ह, मूव्ह ही क्रियापदे येतच असतात. अडचण असते ती त्यांच्यापुढे उभ्या असलेल्या नऊ पहारेकऱ्यांची : कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शॅल, शुड, विल आणि वुड. यांना विचारल्याशिवाय इंग्रज उंबरा ओलांडत नाही, आणि विचारत बसला की बहुधा ओलांडायचे राहूनच जाते. पुढील नियम पाठ करावेत.

१. शिस्त. या नवांना 'एस' चिकटत नाही आणि यांच्यामागे 'टू' येत नाही. 'ही कॅन्स गो' किंवा 'आय मस्ट टु गो' म्हटल्यास इंग्रज हसणार नाही. तो पावसाचा विषय काढेल. दोघांना एकाच वाक्यात शेजारी बसवू नये. 'माइट कुड' हे जोडपे स्कॉटलंडच्या काही भागांत आणि अमेरिकेच्या दक्षिणेत सुखाने नांदते, पण लंडनच्या ऑफिसात त्याला खुर्ची मिळत नाही.

२. परवानगी. 'कॅन आय गो टु द टॉयलेट?' असे विचारणाऱ्या पोराला जुन्या वळणाच्या बाई 'मला काय ठाऊक, तुला जाता येतं का?' असे ऐकवत. 'मे आय' म्हणेपर्यंत सुटका नसे. हल्ली सर्रास 'कॅन' चालते. तरीही निकड असल्यास 'मे' वापरावे, व्याकरणावर चर्चा करण्याची ती वेळ नसते.

३. आमंत्रण. 'यू मस्ट कम ओव्हर समटाइम' हे ऐकून चकल्यांचा डबा भरायला घेऊ नये. वार आणि वेळ नसलेले 'मस्ट' हे आमंत्रण नसून निरोप आहे. खरे आमंत्रण 'वुड यू लाइक टु कम ऑन सॅटर्डे?' असे भित्रे असते. उत्तरांचेही कोष्टक आहे. 'आय माइट पॉप इन' म्हणजे येत नाही. 'आय विल ट्राय टु कम' म्हणजेही येत नाही, पण सौजन्याने.

४. हुकूम. येथे नियम उलटा चालतो : शब्द जितका मऊ, तितका हुकूम कडक. डॉक्टर दार उघडून 'वुड यू लाइक टु कम थ्रू?' म्हणाले, तर आपल्या आवडीनिवडीचा विचार करत बसू नये, आत जावे. शेजारी 'यू माइट वॉन्ट टु मूव्ह युअर कार' म्हणाला, की आधी गाडी काढावी, मग चहा संपवावा. 'वुड यू माइंड मूव्हिंग?' असे कोणी विचारल्यास 'नो' म्हणून उठावे. 'येस' म्हणून उठणारा माणूस आधी भांडतो आणि मग हरतो.

या भानगडीतून सरकारने स्वतःला मात्र सोडवून घेतले आहे. १९३१ साली प्रथम निघालेल्या 'हायवे कोड' या वाहतूक-पुस्तिकेत आज मोठ्या अक्षरांतले 'मस्ट' म्हणजे कायदा आणि 'शुड' म्हणजे सल्ला अशी सरळ वाटणी आहे. अर्थात सल्ला धुडकावल्याचा पुरावाही कोर्टात तुमच्यावर उलटू शकतो. मऊ शब्दाला भ्यावे, हे इथेही खरेच.

५. भविष्य. 'मी'पुढे 'शॅल' म्हणजे नुसता अंदाज, 'विल' म्हणजे निर्धार. इतरांच्या बाबतीत नेमके उलट. हा नियम जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ साली इंग्रजीच्या व्याकरणात लिहिला, आणि ते व्याकरण लिहिले लॅटिनमध्ये. त्यानुसार १९४२ साली फिलिपिन्स सोडून ऑस्ट्रेलियात पोचलेल्या अमेरिकी जनरल मॅकआर्थरचे 'आय शॅल रिटर्न' हे वेधशाळेच्या अंदाजाइतकेच वजनदार ठरते. ऑक्टोबर १९४४ मध्ये तो फिलिपिन्सच्याच लेटे बेटावर खरोखरच उतरला. तात्पर्य : नियम मोडायचा असेल, तर सोबत आरमार ठेवावे.

६. भूतकाळ. चौकशीला उपयोगी. 'शुड हॅव गॉन' : जायला हवे होते, गेला नाही. 'वुड हॅव गॉन' : गेला असता, गेला नाही. 'कुड हॅव गॉन' : जाता आले असते, बहुधा गेला नाही. 'माइट हॅव गॉन' : गेलाही असेल, पाहिले कोणी नाही. 'मस्ट हॅव गॉन' : गेलाच असणार, कारण छत्री जागेवर नाही. खरोखर गेलेल्या माणसाला नुसते 'वेंट' पुरते.

७. निघणे. शेक्सपिअरच्या काळी 'मस्ट'नंतरचे 'गो' गाळायची सोय होती; 'मला इंग्लंडला पाहिजे' अशा थाटात बोलले की जाणे त्यात आलेच. जर्मन भाषेत ती सोय आजही आहे. त्या काळी क्रियापद नसे आणि माणूस जाई. आता क्रियापद असते, माणूस बसलेला असतो. पायऱ्या अशा : प्रथम 'आय शुड बी गोइंग' म्हणावे आणि बिस्किट घ्यावे. मग 'वी रिअली मस्ट बी गोइंग' म्हणून नवा विषय काढावा. पुढे जोडीदाराकडे पाहून 'शॅल वी?' म्हणावे, आणि कोट चढवून दारात उभ्याने गप्पा माराव्यात.

शेवटी इंग्रज मांड्यांवर थापा मारून 'राइट, आय ॲम ऑफ' म्हणतो. या वाक्यात नवांपैकी एकही पहारेकरी नाही, हे परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे. तोवर त्याची चप्पल शोधायला उठू नये. आणि हे वाक्य कानी पडल्यावर, कृपा करून, आणखी एका चहाचा आग्रह करू नये. तो खरेच निघाला आहे.