पन्नास हर्ट्‌झचा तानपुरा

लॅमिंग्टन रोडवरचे ४ ओहमचे स्पीकर विरार लोकलच्या गर्दीत छातीशी कवटाळून घरी येतात. घरचा अॅम्प्लिफायर ८ ओहमच्या खाली न उतरणारा. आवाज वाढवला की तो तापतो आणि गप्प बसतो. घरात तेवढाच एक समजूतदार!

त्यात ती अखंड ‘घूंऽऽ’. जाणकार म्हणतात, चांदीची केबल घ्या. वास्तविक केबलवाल्याची वायर तीन इमारतींच्या गच्च्यांवरून परकं अर्थिंग घेऊन येते. ती अॅम्प्लिफायरला जोडलेल्या सेट-टॉप बॉक्समधून उपटली की घूं बंद. पण हा इलाज फुकट, म्हणजे शंकास्पदच. त्यापेक्षा पॉवर कंडिशनर बरा, पाहुण्यांना दाखवता येतो.

परवा खरंच निःशब्द शांतता पसरली. स्पीकरवाल्या साहेबांनी कंडिशनरला श्रेय दिलं. सोसायटीची वीज गेली होती.