फरशी पोकळ वाजते

बिल हातात पडेपर्यंत फरशी पोकळ वाजत नाही. हा नियम आमच्या सोसायटीतल्या एका साहेबांनी सप्रयोग सिद्ध केला आहे.

साहेबांनी हॉल, किचन आणि दोन्ही बाथरूम नवी करून घेतली. काम संपलं, सत्यनारायण झाला, पन्नासेक माणसं त्या फरशीवर जेवून गेली, पोरांनी त्यावर उड्या मारल्या, कुणा काकांनी मसालेभाताचं भरलेलं पातेलं दणकन आदळलं. फरशीने ब्र काढला नाही. सोमवारी सकाळी मिस्त्रींनी हिशोब पाठवला : साडेतीन लाखांचं काम, पस्तीस हजार बाकी. सोमवारी संध्याकाळी साहेब खिशातून एक रुपयाचं नाणं काढून हॉलच्या मधोमध उकिडवे बसले.

टक. टक. टक. टुक.

"मिस्त्री, हे ऐका."

मिस्त्रींनी ऐकलं. त्यांना टक ऐकू आलं. साहेबांना टुक ऐकू आलं. आता ज्याच्याकडे पस्तीस हजार आहेत त्याचाच कान प्रमाण मानायचा, अशी आपल्याकडे रीत आहे.

या कामाला नाणं एकचंच लागतं. दोनचं, पाचचं चालवून घेतात. दहाचं दोन धातूंचं असल्यामुळे त्याच्या निकालाबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. नोट मुळीच चालत नाही, कारण तिचा आवाज होत नाही, आणि मिस्त्रीसमोर नोट बाहेर काढणं साहेबांच्या तत्त्वातही बसत नाही.

फरशी पोकळ राहते, हे मान्य. खाली माल नीट भरला नाही, केमिकल कोपऱ्यापर्यंत पोचलं नाही, तर आवाज बदलतो आणि पुढे कधी जड कपाट सरकवताना ती तडकते. चांगला मिस्त्री कुरकुर न करता ती उचलून दुसरी बसवतो. दोन बाय दोनची साधी फरशी दोन-अडीचशेची. मजुरी, सिमेंट, रिक्षा सगळं धरून फार तर हजार-दीड हजाराचा मामला. ठीक आहे, अडवा दोन हजार. पस्तीस का अडवता?

पण पोकळी ही एका जागी राहणारी वस्तू नाही, हे इथे लक्षात घेतलं पाहिजे. मिस्त्रींनी ती फरशी बदलली, तर पोकळी शेजारच्या फरशीखाली गेली. तिथून ती सोफ्याखाली सरकली. सोफा हलवला तेव्हा ती पॅसेजमध्ये होती, आणि दुसऱ्या आठवड्यात फ्रिजखाली गेल्याची बातमी आली. मग साहेबांचे साडू आले. साडू एका कारखान्यातून निवृत्त झालेले, म्हणजे आयुष्यभर यंत्रांच्या आवाजात काढलेले, आणि त्यामुळे बारीक आवाजांतले तज्ज्ञ. त्यांनी चष्मा काढून ठेवला, सतरंजी मागवली, तिच्यावर आडवे झाले आणि फरशीला कान लावून म्हणाले, "वाजव." साहेब वाजवत गेले, साडू मान हलवत गेले, वहिनी खडूने फुल्या मारत गेल्या. चहाच्या वेळेपर्यंत हॉल नवग्रहांच्या मांडणीसारखा दिसू लागला. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी वर निरोप पाठवला की ते सुतारकाम रात्री आठनंतर बंद ठेवा. मग आवाजाचं रेकॉर्डिंग झालं, ते फॅमिली ग्रुपवर गेलं. नाशिकच्या आत्याला ते टुक वाटलं, कॅनडातल्या भाच्याला नेटवर्कमुळे काहीच ऐकू आलं नाही, तरी त्याने "रिस्क घेऊ नका मामा" असं कळवलं. आणि या साऱ्या संशोधनाचा निष्कर्ष असा निघाला, की पावसाळा जाऊ द्यावा. फरशी पावसाळ्यात कशी वागते ते बघू, मग दिवाळीला बघू. हॉल तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथे पाऊस कुठून येणार, हे विचारायला मिस्त्रींची जीभ रेटली नाही, कारण विचारलं तर साहेब बाथरूमकडे वळले असते.

आता त्या पस्तीस हजारांचं बघू. घरकामातल्या पैशाची वाटणी ठरलेली असते. आधीच्या हप्त्यांतून फरशीचं दुकान भागतं, हार्डवेअरवाला भागतो, नळकाम करणारा, डेब्रिस उचलणारा टेम्पोवाला भागतो. शेवटी जे दहा टक्के उरतात, ते मिस्त्रीचे. त्यातच त्याची दोन महिन्यांची मेहनत, पेट्रोल, फोन आणि "मिस्त्री, आलाच आहात तर हा एक खिळा ठोकून द्या" या सदरातली फुकट कामं. म्हणजे साहेब म्हणतात, "नव्वद टक्के तर दिले ना!" ते खरंच आहे. दिले, सगळ्यांना दिले. ज्याने काम केलं तो तेवढा राहिला.

मजूर मात्र साहेबांच्या साडूंना ओळखत नाहीत. त्यांना दर आठवड्याला खर्ची लागते. गावाकडे पैसे पाठवायचे असतात, खोलीचं भाडं असतं, किराण्याची वही असते. "फरशी पावसाळ्यात कशी वागते ते बघू, मग देतो" असं मजुराला सांगितलं तर तो सोमवारी नाक्यावरून दुसऱ्याच्या टेम्पोत बसतो. म्हणून मिस्त्री पुढच्या कामाची उचल घेतो आणि मागच्या मजुरांना देतो. याची टोपी त्याला. ही पुढची उचल बी विंगमधल्या मॅडमनी बाथरूमसाठी दिलेली असते. मिस्त्री त्यांचं बाथरूम फोडून ठेवतो, कारण फोडायला माल लागत नाही. आणि मग माल आणायला पैसेच नसल्यामुळे गायब होतो. तीन आठवडे मॅडमचं कुटुंब शेजाऱ्यांकडे अंघोळीला जातं. मॅडम सगळ्यांना सांगतात की ही जातच लबाड, पैसे घेतात आणि फोन उचलत नाहीत. लिफ्टमध्ये हे ऐकून सर्वांत जोरात मान कोण हलवतं? आमचे साहेब. "म्हणून मी पैसे रोखून धरले," असंही ते म्हणतात. मॅडम, तुमच्या बाथरूमचा खड्डा साहेबांच्या फ्रिजखाली आहे.

बिलाची गंमत वेगळीच. काम ठरताना साहेब म्हणाले, "बिल कशाला करता? अठरा टक्के कुणाच्या बोडख्यावर घालायचेत? तुम्ही आमच्या घरचेच." पैसे द्यायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "बिलाशिवाय पैसे कसे देणार? काही सिस्टिम आहे की नाही?" ज्याची जीएसटी नोंदणी आहे त्याने पक्कं बिल केलं, की पुढच्या महिन्यात कर भरायचा, साहेबांचे पैसे आलेले असोत वा नसोत. म्हणजे न मिळालेल्या पैशांवरचा कर खिशातून घालायचा. आणि घरच्या माणसाला पैसे द्यायचे नसतात, हे मिस्त्रींना "आमच्या घरचेच" म्हणतानाच समजायला हवं होतं.

कायदा आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, 2006. तो म्हणतो, नोंदणीकृत छोट्या उद्योजकाचे पैसे फार तर 45 दिवसांत द्या; नाही दिलेत तर बँक दराच्या तिपटीने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. काही ठरलंच नसेल तर मुदत 15 दिवस. आणि यातलं मला सर्वांत आवडलेलं कलम असं, की कामाबद्दल हरकत असेल तर ती 15 दिवसांत लेखी कळवायची. नाही कळवली तर काम पसंत पडलं असं धरायचं. लेखी! नाणं वाजवणं ही लेखी हरकत नव्हे. खडूची फुली कदाचित ठरेल. साडूंनी तिच्यावर सही मात्र केलेली नाही. आता मजुरी आणि माल एकत्र असलेल्या कंत्राटांना हा कायदा लागतो का, यावर वकील वर्षानुवर्षं भांडतात. मिस्त्रींकडे तर नोंदणीही नाही, साहेबांचा "ओके डन" एवढाच करार आहे. पस्तीस हजारांसाठी वकील करायचा तर त्याला उचल द्यावी लागेल, आणि ती कुठल्या मॅडमकडून घ्यायची?

आता जरा हसणं पुरे. हेच साहेब, याच फ्लॅटसाठी, बिल्डरच्या दारात उभे होते. स्लॅब पडला की हप्ता, विटा चढल्या की हप्ता; एक हप्ता लांबला तर व्याजासकट पत्र. ताबा दीड वर्ष उशिरा मिळाला. खिडक्यांतून पाणी येत होतं, जुनी फरशी तर चालताना डुगडुगत होती, म्हणूनच ती आता काढली. तेव्हा कुणी नाणं काढलं? साहेब पेढे घेऊन गेले होते. बिल्डरच्या ऑफिसातल्या संगमरवरावर एकदा तरी टक करून बघायचं होतं. नाही केलं, कारण तिथून किल्ली मिळायची होती. मिस्त्रींकडून आता काहीच मिळायचं नाही. फरशी बसली आहे, ती उचलून नेता येत नाही. एवढंच या नाण्याचं शास्त्र आहे. गरजू माणसाच्या कामावर ते वाजतं, दांडग्याच्या कामावर खिशात गप्प राहतं. याला चोखंदळपणा म्हणत नाहीत. दुसऱ्याची मजुरी बिनव्याजी वापरणं म्हणतात, आणि ती वापरणाऱ्यांकडे त्याच महिन्यात सहलीला जायला पैसे असतात.

वाचकांपैकी कुणाच्या हॉलमध्ये खडूच्या फुल्या असतील, त्यांनी खराब फरश्या मोजाव्यात, त्यांचे पैसे कापून घ्यावेत आणि बाकीचे आजच पाठवावेत. यूपीआयने साधारणपणे दिवसाला एक लाखापर्यंत पाठवता येतात. पस्तीस हजार त्यात आरामात बसतात.