भोक पडलं की पडलं

सोलापूरच्या पूर्व भागात चादरीच्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळतो. सांभाळतो म्हणजे फाइलला माणसांपासून वाचवतो. कामगारांचा पगार काढणारा मॅक्रो मी लिहिलाय: विणलेल्या चादरी गुणिले दर, वजा उचल. तो सगळ्यांना लागतो म्हणून फाइल सामायिक. आणि सामायिक बांधाचं जे होतं तेच तिचं झालं. प्रत्येक जण जाता जाता वीतभर कोरतो.

मालकांच्या पुतण्यानं एकदा मॅक्रो 'जरा सोपा' केला. वजाच्या जागी अधिक आलं. ज्याची उचल मोठी, त्याचा पगार मोठा! त्या आठवड्यात कारखान्यात पगाराची एकही तक्रार आली नाही. पुतण्याला विचारलं तर म्हणतो, "मी कुठं काय केलो? नुसतं उघडून बघितलो की."

एक्सेलमध्ये कोडला पासवर्ड घालता येतो. तो घातला. दुसऱ्या दिवशी दिवाणजींनी तो चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवला. "तुम्ही गड्ड्याच्या जत्रेला गेला आणि इकडं पगार अडला तर काय करायचं, सांगा की." काय सांगणार? तसंही हे कुलूप सभ्य माणसांपुरतंच. एक्सेलच्या शीटला घातलेलं संरक्षणसुद्धा सुरक्षा नव्हे, असं खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगते.

आमच्याकडे कार्ड पंच करणारे जुने अण्णा आहेत. हे ऐकून ते पोट धरून हसले. "आमच्या मोराला कोण हात लावत होतं का बे?"

खरंच कोणी लावत नव्हतं. जॅकार्डच्या मागावर नक्षी असते ती पुठ्ठ्याच्या कार्डांवर, भोकांच्या रूपात. एका आडव्या धाग्याला एक कार्ड. भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. अशी कार्डं दोरीनं ओवून माळ केली की चादरीवर मोर उतरतो. लिऑंच्या जोसेफ मारी जॅकार्डनं 1804 च्या सुमारास हे यंत्र आणलं. म्हणजे ऑफिसात कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी आमचा पूर्व भाग बिनधास्त प्रोग्रॅम चालवत होता. जॅकार्डचं रेशमात विणलेलं एक चित्र इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजकडे होतं. त्याला सुमारे 24,000 कार्डं लागली होती. आपल्या गणकयंत्रासाठी बॅबेजनं कार्डांची कल्पना विणकरांकडूनच घेतली. ती उचल अजून कोणी फेडलेली नाही.

कार्डांवरच्या त्या कोडला राखत होते ते कष्ट. बदल करायचा तर ग्राफवर नक्षी पुन्हा काढा, कार्ड नव्यानं पंच करा, माळ उसवा, परत ओवा. पुतण्या एवढं करणार? शिवाय चुकीचं भोक लपत नाही. प्रत्येक चादरीत मोराचा पाय त्याच जागी तुटतो, आणि कार्ड कोणी पंच केलं हे चहावाल्या पोरालासुद्धा ठाऊक असतं.

आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले. मोर फाइलमध्ये बसला, म्हणजे पुतण्याच्या टप्प्यात आला. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे खरं, पण ते बाहेरच्यांनी आपलं नाव लावू नये म्हणून. घरच्यांनी मोर 'जरा सोपा' करू नये, असा कायदा अजून झालेला नाही.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी यावर तोड काढली आहे, ती अण्णांच्या जातकुळीची. लिनस टोरवाल्ड्सनं 2005 मध्ये 'गिट' लिहिलं. त्यावर काम करणारे मूळ कोडला सहसा थेट हात लावू देत नाहीत. आपल्या प्रतीत बदला, चारचौघांना दाखवा, जबाबदार माणसानं होकार दिला तरच तो बदल मुळात जातो. कुठली ओळ कोणी, कधी बदलली याची नोंदही राहते. हे मी मालकांना समजावत होतो तेव्हा पुतण्या शेजारीच होता.

"नाव राहतं होय त्यात?" त्यानं विचारलं.

"कायमचं."

त्यानंतर त्याला मॅक्रोत काही सुधारावंसं वाटलेलं नाही. गिट तर अजून बसवायचंच आहे.

तुमच्याही ऑफिसात अशी एखादी फाइल असणारच. मूळ प्रत वाचण्यापुरतीच उघडी ठेवा, बदलायची मुभा एकालाच द्या, आणि त्यानं काय बदललं ते त्याच्या नावानिशी लिहून ठेवायला सांगा. पण त्याआधी उठा, आणि मॉनिटरवरची ती चिठ्ठी काढा.