निळ्या रेघेला भुलू नका, वहिनी

अहो वहिनी, थांबा जरा. झाडांना पाणी घालून झालं की इकडे या, कुंपणापाशी. फेब्रुवारीत झुरिकला जाताय म्हणे? आणि तिथून लेक-जावयाबरोबर आठवडाभर वेंगेनला, बर्फात! मला सगळं कळलंय, भाजीवालीनं सांगितलं. तुमची नात सोसायटीतल्या घसरगुंडीवर शिडीनं चढते आणि शिडीनंच खाली येते, ती स्की कशी करणार याचा तुम्हाला घोर लागलाय, हेही तिनंच सांगितलं.

आता मी काही स्की करत नाही. या गुडघ्यांनी? पण गेल्या वर्षी लेकीकडे गेले तेव्हा आठ दिवस त्याच डोंगरावर होते. काम काय, तर थर्मास मांडीवर घेऊन बाकावर बसायचं आणि कुणाचं पोर कुठे बसकण मारतं ते बघायचं. त्यातून मला जे कळलं, ते आमच्या जावयांना नकाशा चाळून कळलं नाही. त्यांना सांगू नका हं.

तो नकाशाच मुळात फसवा. त्यावर स्कीच्या वाटांच्या रंगीत रेघा असतात. निळी सोपी, लाल मधली, काळी अवघड. फ्रान्समध्ये निळीच्याही खाली हिरवी असते, स्वित्झर्लंडात ती नाही. म्हणजे अगदी परटघडीसारख्या सपाट वाटेपासून बऱ्यापैकी कलत्या वाटेपर्यंत सगळं एका निळीच्या पोटात. नियम काय, तर निळी वाट १०० मीटरला २५ मीटरपर्यंत उतरली तरी चालते. तुम्ही टूरबरोबर युंगफ्राउयोखला गेला होतात ना? क्लायने शायडेकला गाडी बदलली असेल. तिथपर्यंत नेणारी ती दातेरी रुळांची गाडी आठवते? १८९३ सालापासून चालू आहे, आणि तिचा सगळ्यात खडा चढ तेवढाच, चाराला एक. तुम्हीच सांगत होतात, पर्स मांडीवरून घसरून समोरच्या बाईंच्या पायाशी गेली म्हणून. आपली रेल्वे बोरघाटात सदतिसाला एक चढते, तरी तिला मागून इंजिनं लावावी लागतात. आता बोला! शिवाय नियमातच पळवाट आहे. जागा मोकळी असेल, तर थोड्या अंतरापुरता उतार याहून जास्त चालतो. ते ‘थोडं अंतर’ सहा वर्षांच्या पोराला सिंहगडाएवढं वाटतं.

आणि तसले नकाशे मोजून काढलेले नसतात, रंगवलेले असतात. इन्सब्रुककडचे हाइनरिश बेरान म्हणून एक चित्रकार होते, या कामात त्यांचा मोठा हातखंडा. डोंगर थोडा वळवायचा, दरी थोडी रुंद करायची, की सगळ्या वाटा एका कागदावर दिसतात. दिसतं सुरेख, पण कुठे किती खडं आहे ते कळत नाही. स्थळाकडून आलेल्या फोटोसारखंच ते.

तर आमच्या जावयांनी निळी रेघ बघितली आणि दुसऱ्याच दिवशी दोन्ही पोरांना घेऊन निघाले. कुठली वाट ते जाऊ दे. उतार म्हणाल तर अगदी सौम्य. पण डोंगराच्या कडेनं कापलेला अरुंद रस्ता, एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला नुसतं आभाळ. मुलांना वेग आवरायला ‘पिझ्झा’ शिकवतात. पुढची टोकं जवळ आणायची, टाचा बाहेर फाकायच्या, त्रिकोण करायचा. त्याला जागा लागते हो. अरुंद वाटेवर ना वळता येतं, ना धड फाकता येतं. धाकट्यानं एकदा दरीकडे बघितलं आणि खालीच बसला. पाऊण तास! थोरली पुढे गेली, ती सपाटीवर अडकली. लहान मुलांना शिकवताना हातात काठ्या देत नाहीत, मग सपाटीवर ढकलणार कशानं? ती तिकडे रडतेय, हा इकडे रडतोय, आणि जावई मध्ये.

मी खाली आल्पिग्लेनच्या स्टेशनावर बसले होते. तिघं आले ते स्की खांद्यावर टाकून, तोंडं उतरलेली. वरून गाडी आली, चढलो सगळे. पाच मिनिटांत धाकटा खिडकीला नाक लावून बसला. म्हणतो, “आजी, बघ, तिथं मी बसलो होतो!” असा ऐटीत, जसा काही अफझलखान मारून आलाय. स्टेशनापासून जवळ होतं म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालायला तोच पहिला.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे. वाट निवडताना रंग नंतर बघा, आधी हे बघा की पोरानं मध्येच ‘नाही’ म्हटलं तर स्की न करता खाली येता येतं का. म्हणूनच तो डोंगर मला आवडला. तिथे वाटेवर स्टेशनं आहेत. पहिले दोन दिवस वेंगेनमध्येच, गावातल्या लहान मुलांच्या उतारावर काढा. मग मेन्लिखेनला न्या. वर चांगलं ऐसपैस आहे, ऊन असतं, आणि जमलं नाही तर तारेवरच्या पाळण्यात बसून एकीकडून वेंगेनला, दुसरीकडून ग्रिंडेलवाल्डला उतरता येतं. आणि नातीला हे आधीच सांगून ठेवा. आमच्या धाकट्याला खाली जायला गाडी आहे हे कळलं, आणि मग त्यानं गाडी मागितलीच नाही.

दुसरं म्हणजे लेकीला किंवा जावयाला आधी एकट्यानं ती वाट उतरून बघू दे. तुम्ही खालून बघा. मोठी माणसं एखाद्या जागी ओळीनं थबकून विहिरीत डोकवावं तशी खाली बघत असतील, तर त्याच्याखाली खडं आहे असं समजा. रेघ कुठल्याही रंगाची असो. तिसरं, निळ्या वाटेत मध्येच लाल वाट येऊन मिळते का ते विचारा. मागून येणाऱ्यानं पुढच्याला सांभाळायचं असा नियम आहे, चांगलाच आहे. पण मागून सर्रकन आवाज आला की लहान मूल तिथंच थिजतं, नियम त्याला माहीत नसतो.

आणि वेळ! सकाळी बघाल तर रात्रभर यंत्रानं बर्फ विंचरून ठेवलेला असतो, रांगोळीच्या कणीसारखा सारखा. दुपारी तीच वाट ओळखू येत नाही, ढीग झालेले असतात, पोरांचे पाय दमलेले, आणि संध्याकाळी सगळा डोंगर एकदम खाली यायला निघतो. तेव्हा दोन वाजले की स्की बंद. पाळण्यातून खाली या आणि सफरचंदाच्या चकत्यांची गोड भजी खा. ढग उतरून सगळं पांढरं झालं तर त्या दिवशी जाऊच नका, घसरगाडी ओढा.

हेल्मेट वगैरे तुमची लेक बघेल. हातमोजे मात्र दोन जोड न्या, एक ओला होतोच.

हो, एक राहिलं. नातीची उंची किती? सव्वा मीटरच्या आत असेल, तर चेअरलिफ्टवर तिच्या शेजारी मोठ्या माणसाला बसावं लागतं. आज रात्री फोन येईल तेव्हा तेवढं मोजायला सांगा.