गोटीवाले नाना

नानांचं वय पाहून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात जपमाळ असेल असं वाटतं. असते काचेची गोटी. कोणाकडेही गेले की चहा येईस्तोवर "जरा पाय धुऊन येतो" म्हणून आत जातात. आतून घरंगळल्याचा आवाज येतो. तो जाळीपाशी थांबला तर ठीक. दारापाशी थांबला तर यजमानांचं काही खरं नाही.

हे वेड जन्मजात नव्हे. नानांचं बाथरूम तीनदा फोडावं लागलं. खालच्यांच्या छतावर ओल आली आणि चतुर्थीच्या मोदकांची देवाणघेवाण बंद पडली. पहिल्या मिस्त्रीनं उतारच दिला नव्हता. दुसऱ्यानं इतका दिला, की पाटावर बसलेले नाना आंघोळ संपेपर्यंत जाळीपाशी पोचलेले असत. तिसऱ्या खेपेला ते स्वतःच स्टूल टाकून बसले आणि उठले ते तज्ज्ञ होऊनच.

तेव्हापासून सोसायटीत कुठंही छिन्नी वाजली की नाना हजर.

"मिस्त्री, उतार कुठाय?"

"टाइल लावताना काढतो की."

"अरे, टाइल म्हणजे सदरा. रेनकोट आत असतो!"

इथं नानांचं खरं आहे, हे कबूल करायला हवं. टाइलच्या सांध्यांतून पाणी झिरपतंच. खालचा वॉटरप्रूफिंगचा थर सपाट असला, तर ते तिथंच मुक्काम ठोकतं. म्हणून मुळात कोबाच उतरता हवा: ८० ला १, म्हणजे चार फुटांत अर्ध्या इंचाहून किंचित जास्त. त्यावरचं वॉटरप्रूफिंग कोपऱ्यात गोलाई देऊन भिंतीवर फूटभर चढवायचं आणि न्हाणी ट्रॅपच्या तोंडात उतरवायचं. इंग्रजी कॅटलॉगातही त्याला 'नहाणी ट्रॅप'च छापतात. मराठीला अभिजात दर्जा मिळाला २०२४ साली. नानांच्या मते ट्रॅपनं तो कधीच मिळवून दिला होता.

मग पाण्याची परीक्षा. ट्रॅपला बोळा कोंबून पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारायची. मिस्त्री म्हणतो २४ तास, नाना ७२. सौदा ४८ वर तुटतो. शेजारी पाणी भरलेली परात ठेवतात. दोन्हीकडे सारखंच घटलं तर वाफ झाली, इकडे जास्त घटलं तर गळती. घरचे शेजाऱ्यांकडे आंघोळीला जातात आणि नाना रात्री दोनला विजेरी घेऊन बेल वाजवतात.

परवा पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेलो होतो. पोहे आले, मुलगी आली, आणि नाना पाय धुवायला गेले. बैठकीत सगळे गप्प. आतून सुरेख, एका लयीत, लांबलचक घरंगळणं ऐकू आलं आणि शेवटी जाळीवर टक्कन.

नाना हसतमुखानं बाहेर आले. "आपल्याला पसंत आहे."

मुलीच्या आईनं डोळ्यांना पदर लावला.