गाजर गवताचा मूळ मालक

पावसाळा लागला की भिलाईच्या जुनवानीत दोन गोष्टी जोमाने वाढतात: रिकाम्या प्लॉटांवरचे गाजर गवत आणि ते कुणाच्या प्लॉटावरून आले याचे संशोधन. या संशोधनात गवत शेजारच्याच प्लॉटातून आल्याचे दरवेळी सिद्ध होते. शेजाऱ्याला विचारावे तर तो पलीकडच्या भिंतीकडे बोट दाखवतो. त्या भिंतीमागचा मालक परगावी असतो. भाव वाढायची वाट पाहत त्याने जागा पडीक टाकलेली असते, आणि भाव वाढेपर्यंत तिथे जे वाढायचे ते वाढते.

बोट दाखवण्याची ही पद्धत भिलाईची खास नव्हे, या गवताच्या इतिहासातच ती मुरलेली आहे. 1955 साली ते पुण्यात नजरेत भरले. त्याच वर्षी भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला. पोलाद सह्या करून आले, गवत बिनसहीचे. फैलाव कुणाचा अधिक झाला ते भिंतीपलीकडे दिसतेच आहे. पुढे ठरले की पीएल-480 या कायद्याखाली अमेरिकेतून आलेल्या गव्हात याचे बी होते, आणि ‘काँग्रेस गवत’ हे नाव रूढ झाले. काँग्रेस त्यांची की आपली, हे ज्याने त्याने आपल्या मतदानानुसार ठरवावे. अडचण एवढीच की पीएल-480 चा आपला करार ऑगस्ट 1956 चा, म्हणजे आरोपी गुन्ह्यानंतर वर्षभराने हजर झाला. आणि डेहराडूनच्या वनस्पतिसंग्रहात तर याच झाडाचा 1880 चा नमुना नोंदलेला आहे. गव्हाने पुढे हातभार लावला नसेल असे नाही, पण तण आधीपासून घरात होते. घाणेरी आणि जलपर्णी तर आपण फुलांच्या हौसेने आणल्या. कुंपणाला लावलेल्या बेशरमला निदान नाव तरी प्रामाणिक मिळाले.

यावर कुणी म्हणेल, ज्याची जमीन त्याची जबाबदारी, कोर्टात खेचा. खेचून झाले आहे. 1890 साली इंग्लंडमध्ये एकाने नांगरून सोडलेल्या रानात काटेरी तण माजले, बी उडून शेजाऱ्याच्या शेतात पडले, आणि कोर्ट म्हणाले की आपोआप उगवलेले तण काढण्याचे बंधन जमीनमालकावर नाही. हा विचार बदलायला सुमारे नव्वद वर्षे लागली. 2018 साली वेल्समधल्या घरमालकांना रेल्वेच्या हद्दीतल्या जपानी तणाबद्दल भरपाई मिळाली खरी. पण गाजर गवत उगवल्यापासून महिन्याभरात फुलू लागते आणि एक झाड दहा-पंधरा हजार बिया सहज टाकते. पहिली तारीख पडेपर्यंत प्रतिवादीचे नातू वादीच्या अंगणात नांदत असतात.

दुसरा आक्षेप नेहमीचा: मग पालिका कशाला आहे? पालिकेने काढावेच, तिच्या जागा काही थोड्या नाहीत. पण सरकारी कॅलेंडर आणि गवताचे कॅलेंडर जुळत नाही. गाजर गवत जागरूकता सप्ताह 16 ते 22 ऑगस्टला असतो. बी मात्र जूनच्या पहिल्या सरीला उगवते. मान्यवर हातमोजे चढवून फोटोला उभे राहतात तोवर पहिली पिढी बी टाकून मोकळी झालेली असते. वरवर कापणे तर त्याहून व्यर्थ, खोडाला नवे फुटवे येतात. हे काम ओल्या मातीत, फुलाआधी, मुळासकटच करायचे असते, आणि त्या वेळी जागेवर असतो तो भिंतीलगत राहणारा माणूस. शेजाऱ्याचे तण आपण का उपटावे, हा प्रश्न न्याय्य आहे. बी मात्र आपल्याच अंगणात पडते, आणि त्या गवतातल्या पार्थेनिनने अंगाला खाज सुटते तीही आपल्याच.

जागेचा खसरा नंबर न विचारता काम करणारा सध्या एकच आहे, आणि तोही परदेशी: 1980 च्या दशकात बंगळूरला सोडलेला मेक्सिकन भुंगा. पावसात तो पाने फस्त करतो, कोरड्या दिवसांत जमिनीत दडी मारतो. तोही एकदा संशयात सापडला, सूर्यफूल खातो म्हणून. त्याच्या जोडीला छत्तीसगडचा चरोटा आहे, आपला टाकळा. दाट उगवला की तो गाजर गवताला जागा देत नाही. तेव्हा यंदा हातमोजे जूनमध्येच चढवा, भिंतीच्या दोन्ही अंगांनी उपटा आणि मोकळ्या झालेल्या जागेत चरोट्याचे बी फेका. शेजाऱ्याने त्याची कोवळी भाजी खुडून नेली, तर मात्र नकाशा काढून बसू नका.