अन् त्याचं काय?

लातूरला एकाग्रतेचा धंदा चालतो असं म्हटलं, तर लातूरकरांनी रागावू नये. बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांत इथली पोरं ओळीनं झळकू लागली, 'लातूर पॅटर्न' हे नाव महाराष्ट्रभर झालं, आणि नांदेड-परभणी-बीडकडचे आईबाप पोरांना गाद्या-बादल्यांसकट लातूरला सोडू लागले. होस्टेलात मोबाईल जमा, खानावळीत वेळ ठरलेली, भिंतीवर वेळापत्रक. पोरानं इकडंतिकडं बघू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. नांदेडच्या क्लासच्या गल्ल्यांतही आता वेगळं चित्र नाही.

मग टेस्टचा निकाल लागतो. महिनाभर नाकासमोर बघितलेलं पोरगं पहिली नजर टाकतं ती शेजाऱ्याच्या रँकवर. संध्याकाळी आईचा फोन येतो. "किती पडले?" पोरगं सांगतं. क्षणभर थांबून आई विचारते, "अन् त्याला?"

या टेस्ट बहुधा रविवारी सकाळी असतात. त्यामुळं आमच्या संडेस्कूलचे मागचे बाक रिकामे दिसतात. आईबाप मात्र उपासनेनंतर पाळकसाहेबांना सलाम करून हळूच सांगतात, "पोराचं मन लागावं म्हणून जरा प्रार्थना करा." पाळकसाहेब करतात. पोराचं मन लागतं की नाही ते निकालालाच ठाऊक. प्रार्थनेला पोर नसतं, एवढं खरं.

प्रत्येक ख्रिस्ती माणसाला प्रभूनं कशासाठी तरी बोलावलेलं असतं, अशी आमची श्रद्धा. कुणाला वेदीपाशी, कुणाला दवाखान्याच्या वॉर्डात, कुणाला शाळेच्या फळ्यासमोर. या पाचारणावरून मन का ढळतं, यावर मराठवाड्यात प्रवचनं पुष्कळ होतात. मोबाईल, क्रिकेट, मालिका ही आरोपींची नेहमीची यादी. आमच्या भागात तिच्यात माळेगावच्या यात्रेची भर पडते. नाताळाच्या आगेमागेच लोह्याजवळ खंडोबाची ही यात्रा भरते. तिथला जनावरांचा बाजार मोठा. घोडे, उंट, गाढवं, सगळं बघायला मिळतं. तरुण संघ गाण्याच्या तालमीला दांडी मारून घोडे बघायला जातो, अशी तक्रार काही थांबत नाही.

घोडा बघून कुणाचं पाचारण हरवल्याचं माझ्या पाहण्यात नाही. घोडा बघून झाला की पोरं परत येतात, थोडी धूळ झटकतात आणि गातात. खरा घोळ होतो तो तालमीला वेळेवर हजर राहिलेल्यांत. ते हजर असतात आणि मोजत बसतात. कोण आलं नाही, वर्गणी कुणी दिली नाही, चांदणी लावायला शिडीवर कोण चढलं आणि फोटोत पुढं कोण उभं राहिलं. प्रवचनसुद्धा आपण कितीदा तरी शेजारच्या बाकासाठी ऐकतो. "आज साहेबांनी बरोबर सुनावलं त्यांना," असं म्हणत घरी जाणाऱ्या माणसाला स्वतःला काहीच ऐकू आलेलं नसतं.

नवखा प्रवासी पाटीवर 'लातूर' वाचून लातूर रोडला उतरतो आणि स्टेशनाबाहेर आल्यावर त्याला कळतं की गाव अजून बरंच लांब आहे. मंडळीतलं काम हे असं स्टेशन आहे. नाव तेच, दिशाही बरोबर. पण तिथंच सामान उतरवून 'पोचलो' म्हणणारे आम्ही फार.

लूकच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातली मार्था अशीच. घरी प्रत्यक्ष प्रभू आलेले, स्वयंपाक तिच्या गळ्यात, आणि बहीण मरीया खुशाल त्यांच्या पायाशी बसलेली. आमच्या महिला मंडळाची सहानुभूती पूर्णपणे मार्थेकडं आहे. मरीयेचं कौतुक करणाऱ्या पाहुण्यांना जेवायला कोण वाढणार होतं, हा त्यांचा प्रश्न अजून कुठल्या पाळकाला सोडवता आलेला नाही. पण नीट वाचलं तर मार्थेच्या हातातल्या कामाला कुणी नावं ठेवलेली नाहीत. चुलीकडून तिची नजर बहिणीकडं गेली, ती तिची हजेरी घेऊ लागली, तिथं बिनसलं. पाहुणा राहिला बाजूला.

पेत्राचं तर याहून गमतीचं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी, तिबिर्याच्या किनाऱ्यावर, प्रभूनं त्याला त्याचं काम नेमून दिलं आणि मागं यायला सांगितलं. हा गडी वळून योहानाकडं बघतो आणि विचारतो, अन् त्याचं काय? लातूरच्या आईनं फोनवर विचारलेला प्रश्न, तिथं खुद्द प्रेषितानं विचारला. उत्तर मिळालं ते असं की, त्याच्याशी तुला काय करायचंय, तू चल.

दुसऱ्याचा हिशेब न मांडता आपल्या वाटेनं चालण्याचं आपल्या मराठीतलं सगळ्यांत सुंदर उदाहरण म्हणजे टिळक पतिपत्नी. नारायण वामन टिळकांना पहिली हाक आली तीच वाटेत. १८९३ च्या सुमारास ते राजनांदगावला निघाले होते. रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हाती बायबल ठेवलं. आजच्यासारखं प्रत्येकानं खाली मान घालून आपापल्या मोबाईलात बघितलं असतं, तर मराठी साहित्याचं काय झालं असतं कोण जाणे. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. बोलावणं आलं टिळकांना, ओढाताण झाली लक्ष्मीबाईंची. पुढं दोघं पुन्हा एकत्र आले, १९०० मध्ये लक्ष्मीबाईंचाही बाप्तिस्मा झाला. पण घरात कोण कधी जेवायला येईल याचा भरवसा तेव्हाही नव्हता. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी हे सगळं मांडलंय, तेही हसत. आणि टिळकांनी हाती घेतलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य? त्यांच्या हातून दहा-अकरा अध्याय झाले आणि १९१९ मध्ये ते गेले. राहिलेले साठाहून अधिक अध्याय लिहिले ते चूल सांभाळलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी. नवऱ्याला एवढी वर्षं मिळाली आणि मला काय मिळालं, हा हिशेब त्या मांडत बसल्या असत्या तर तो चुकीचा ठरला नसता. फक्त पुस्तक झालं नसतं.

हिशेबाशिवाय काम कसं होतं, हे नांदेडकराला शोधायला लांब जावं लागत नाही. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरात भांडी घासणाऱ्याला शेजारच्यानं किती ताटं घासली याची चौकशी करताना मी पाहिलेलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानं किल्लारी हादरली, तेव्हाही मदतीला धावलेल्या माणसांनी कुणाची हजेरी घेतली नव्हती. भाकरी कुठल्या घरून आली, बांधणारी कुठल्या देवाची, हे विचारायला सवड नव्हती.

याचा अर्थ शेजाऱ्याकडं बघूच नये असा काढला, तर आम्हा लोकांना तो फारच सोयीचा पडेल. पेत्राला 'त्याच्याशी तुला काय' असं ऐकवणाऱ्या प्रभूनंच, त्याआधी थोडाच वेळ, आपली मेंढरं चारायला सांगितलं होतं. तेव्हा बघायचं तर आहेच. पण तो उपाशी आहे का हे बघायचं, गैरहजर आहे का हे नव्हे. आमच्या वहीत सध्या दुसराच रकाना भरलेला असतो.

पेत्राला योहानाविषयी शेवटपर्यंत पक्की माहिती मिळाली नाही, आणि त्यावाचून त्याचं काही अडलंही नाही. तो आपल्या वाटेनं गेला. आमच्या नाताळ कमिटीलाही तेवढ्या माहितीवाचून भागवता येईल, असं मला मनापासून वाटतं. निदान मंडपवाल्याचं बिल येईपर्यंत तरी.